वाचक विचारतात: 'डर्ट रॅली २.०' घ्यावा की नको?

मागच्या महिन्यात रेसिंग गेम्सवर लिहिताना मी 'डर्ट रॅली २.०'चं एका ओळीत कौतुक केलं होतं, आणि त्या एका ओळीवर एवढे प्रश्न आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. ज्यांनी नावच पहिल्यांदा ऐकलं त्यांच्यासाठी थोडक्यात, हा ब्रिटनच्या कोडमास्टर्सचा गेम, फेब्रुवारी २०१९ मध्ये पीसी, पीएस फोर आणि एक्सबॉक्स वनवर आला. सर्किटवर गोल गोल फिरायचं नाही, जंगलातल्या डोंगरातल्या खडीच्या रस्त्यावर एकट्याने गाडी हाणायची, पुढे कुणी नाही मागे कुणी नाही, शेजारी पुढच्या वळणांच्या नोट्स वाचणारा को-ड्रायव्हर आणि वर चालू घड्याळ, बस.

प्रश्न (ठाणे): सेलमध्ये स्वस्तात दिसतोय. पण इतका जुना गेम आता घेऊन फायदा आहे का? यातलं चांगलं काय आणि वाईट काय ते सरळ सांगा, गोल गोल नको.

सरळ सांगतो. रस्त्यावर आहेस तोपर्यंत हा गेम नाद खुळा आहे, रस्ता सोडून मेनूत आलास की चिडचिड सुरू. यातल्या जवळजवळ सगळ्या चांगल्या गोष्टी गाडीच्या काचेपलीकडे आहेत आणि बहुतेक वाईट गोष्टी मेनूत, नेटवर आणि दुकानात आहेत.

आधी चांगलं. जमीन. बाकीच्या गेम्समध्ये खडीचा रस्ता म्हणजे डांबरी रस्त्याला तपकिरी रंग मारलेला असतो, गाडी जरा जास्त घसरते एवढंच. इथे तसं नाही. न्यूझीलंडच्या हॉक्स बेमध्ये रस्ता रुंद आहे आणि बाजूंना कललेला आहे, त्यामुळे तिथे गाडी आडवी टाकून लांब लांब वळणं घेता येतात आणि मजा येते, आणि तोच माज घेऊन अर्जेंटिनाच्या कातामार्कात गेलास की पहिल्या दोन मिनिटांत रेडिएटर फुटतो कारण तिथे रस्ता गाडीएवढाच, एका बाजूला दगडाची भिंत, दुसऱ्या बाजूला काही नाही. पोलंडमध्ये शेतांमधून सुसाट सरळ रस्ता, पण त्यात खोल चाकोऱ्या, चाक एकदा चाकोरीत गेलं की गाडी तुझं ऐकत नाही, चाकोरीचं ऐकते.

आणि या चाकोऱ्या आधीपासून पडलेल्या नसतात हे भारी आहे. तुझ्या आधी जितक्या गाड्या गेल्या तितका रस्ता उकरला जातो. तू आधी सुटलास तर रस्ता बऱ्यापैकी साफ, मागच्या नंबरावर सुटलास तर वळणाच्या आतल्या कडेला खड्डाच, मग ती नेहमीची लाइन सोडून दुसरी शोधायची. खऱ्या रॅलीत पहिल्या गाडीला वरची सुटी खडी झाडत जावं लागतं म्हणून तिथे पहिलं सुटणं कधी कधी तोट्याचं असतं, गेमने तेवढ्या बारकाईत न जाता चाकोऱ्यांवर जोर दिलाय, पण परिणाम असा होतो की तोच स्टेज, म्हणजे रॅलीतला घड्याळ लावून चालवायचा एक टप्पा, दुसऱ्यांदा चालवताना तोच राहत नाही. टायरचंही तसंच, सॉफ्ट लावले तर पकड मस्त पण लांबच्या रॅलीत झिजणार, हार्ड लावले तर सुरुवातीला गाडी बर्फावर असल्यासारखी. आवाज तर विचारूच नकोस. हेडफोन लावून ग्रुप बीची, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या बेफाम रॅली गाड्यांच्या गटातली, ऑडी क्वात्रो चालव, पाच सिलिंडरचं ते खरखरीत ओरडणं आणि तळाला आपटणारी खडी, स्क्रीनकडे न बघताही कळतं की चाकं फिरतायत पण गाडी पुढे जात नाहीये.

आता वाईट. एक, डांबरी रस्त्यावर हा गेम कच्चा आहे. स्पेनमध्ये गाडी जमिनीला धरून वळतेय असं वाटतच नाही, मधोमध खिळा ठोकून फिरवल्यासारखी वाटते. ही तक्रार पहिल्या दिवसापासून आहे आणि ती कधीच पूर्ण मिटली नाही. दोन, प्रत्येक देशात कागदावर १२ स्टेज दिसतात पण मूळ रस्ते खूपच कमी, तेच रस्ते उलटे आणि अर्धे कापून मोजलेत, म्हणजे महिनाभर खेळल्यावर कुठल्या वळणावर कुठलं झाड आहे हे पाठ होतं, आणि रॅलीत पाठ होणं हाच मुळात घोळ आहे. तीन, गेम काही शिकवत नाही. चार, इंटरनेट. शेवटच्या दोन्हींवर खाली वेगळे प्रश्न आलेत.

घे. स्वस्तात मिळतोय आणि कच्चा रस्ता आवडत असेल तर डोळे मिटून घे.

प्रश्न (सांगली): घेतला, दोन दिवस खेळलो, प्रत्येक वळणावर झाडात. आजपर्यंत सगळे रेसिंग गेम जिंकलेत, इथे शेवटून पहिला. काय चुकतंय?

तुम्ही रस्ता बघून चालवताय. सगळ्यांचं हेच होतं, कारण बाकी सगळ्या गेम्सनी आपल्याला तेच शिकवलंय. रॅलीत जे दिसतंय ते उशिरा दिसतं. धुळीत, झाडीत, टेकाडापलीकडे वळण दिसेपर्यंत ब्रेक मारायची वेळ निघून गेलेली असते. म्हणून शेजारी माणूस बसवलाय. या गेममध्ये इंग्रजी नोट्स वाचणारा माणूस म्हणजे फिल मिल्स, खराखुरा को-ड्रायव्हर, २००३ मध्ये पेटर सोल्बर्ग वर्ल्ड चॅम्पियन झाला तेव्हा शेजारच्या सीटवर हाच होता.

तो आकडे बोलतो, ते आधी पाठ करा. सहा म्हणजे जेमतेम वळण, बहुतेक वेळा पाय न काढता निघतं. जसजसा आकडा खाली येईल तसं वळण आवळत जातं, तीनला ब्रेक हवाच, एक म्हणजे जवळजवळ मागे फिरणं, आणि त्याहून वाईट तो हेअरपिन. मधले मोठे आकडे, शंभर, दीडशे, ते पुढच्या वळणापर्यंतचं अंतर मीटरमध्ये. 'टायटन्स' म्हणाला की वळण आत जाऊन अजून आवळणार, इथे सगळ्यात जास्त लोक मरतात. 'डोंट कट' म्हणाला तर आतल्या कडेला दगड किंवा खड्डा आहे, शहाणपणा करू नका, पंक्चर होतं आणि मग उरलेले आठ किलोमीटर तीन चाकांवर. 'क्रेस्ट' म्हणाला की पुढे उंचवटा, गाडी हलकी होणार, त्या क्षणी स्टिअरिंग सरळ ठेवा आणि ब्रेक उंचवट्याच्या आधीच संपवा.

आता सेटिंग्जमध्ये जाऊन को-ड्रायव्हर बोलण्याची वेळ थोडी आधी करून घ्या, नवशिक्याला याने खूप फरक पडतो. पार्श्वसंगीत वगैरे काही असेल ते बंद. आणि गाडी. तुम्ही नक्कीच सगळ्यात पॉवरफुल गाडी उचलली असणार! नको. लान्सिया फुल्विया किंवा जुनी मिनी घ्या, साठच्या दशकातल्या, पुढची चाकं ओढणाऱ्या, हळू गाड्या. बोअर वाटतील पण त्यांच्यात चूक झाली तर सावरायला वेळ मिळतो, नोट्स ऐकायला डोकं मोकळं राहतं. मग मागची चाकं ढकलणारी फोर्ड एस्कॉर्ट मार्क टू, आणि हे जमल्यावरच ऐंशीच्या दशकातल्या ग्रुप बीच्या गाड्या. त्या गाड्या इतक्या जीवघेण्या होत्या की १९८६ च्या सीझननंतर त्यांच्यावर बंदीच आली, गेममध्येही त्या तशाच आहेत, थोडा वेळ काही होत नाही आणि मग टर्बो एकदम जागा होतो.

आणि एक, वेळेच्या मागे लागू नका. स्टेज न आपटता संपवणं हे पहिलं टार्गेट ठेवा, कारण एकदा आपटून रस्त्यावर परत ठेवून घेतलं की दंडाचे सेकंद, वर गाडीचं नुकसान, आणि दोन-तीन स्टेजनंतरच्या सर्व्हिसमध्ये मेकॅनिकला वेळ मोजून मिळतो, सगळं दुरुस्त होत नाही. रात्रीच्या स्टेजला पुढचे दिवे फोडून घेतलेत तर मग फिल मिल्सच्या भरवशावर आंधळं चालवायचं. हे एकदा करून बघाच तसं, वाईट वाटतं पण त्याशिवाय नोट्सवर विश्वास बसत नाही.

गेमचा दोष असा की हे सगळं मी इथे लिहावं लागतंय. याच कंपनीच्या २०१७ च्या 'डर्ट ४'मध्ये रॅली स्कूल होतं, बाईने हात धरून गिरवून घ्यावं तसं सगळं शिकवायचे, इथे तुम्हाला थेट रस्त्यावर सोडून दिलंय.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): माझा मुलगा दहावीनंतरच्या सुट्टीत हा गेम खेळतो. एकटाच खेळतो, समोर कोणी नसतं, तरी वायफाय गेलं की घर डोक्यावर घेतो. एकट्याच्या खेळाला इंटरनेट कशाला लागतं? तो मला बनवतोय का?

नाही ताई, या वेळी तो खरं बोलतोय. या गेममधला करिअरचा भाग, म्हणजे स्वतःची टीम, विकत घेतलेल्या गाड्या, ठेवलेले मेकॅनिक, साठलेले पैसे, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर असतं. नेट गेलं की तो भाग बंद. नेटशिवाय सुट्टा स्टेज चालवता येतो, स्वतःच्या घड्याळाशी स्पर्धा करता येते, पण टीमला हात लावता येत नाही. आपल्याकडे एका पावसात नेट जातं, लाइटही जाते, तिथे हा प्रकार म्हणजे डोक्याला ताप.

कंपनीचं कारण असं की रोजचे, आठवड्याचे, महिन्याचे चॅलेंज असतात, जगभरचे लोक एकाच स्टेजवर वेळ लावतात, त्यात कुणी फसवाफसवी करू नये. ते ठीक. रोजचं चॅलेंज तर या गेमची जान आहे, एकच संधी मिळते, आपटलात तर उद्या या. पण त्यासाठी माझी स्वतःची टीमसुद्धा सर्व्हरवर अडकवून ठेवायची गरज नव्हती असं माझं स्पष्ट मत आहे, कारण सर्व्हर आज ना उद्या बंद होणारच, आणि त्या दिवशी पैसे मोजून घेतलेल्या गेमचा मोठा तुकडा जाणार.

मुलाला सांगा की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे चालून जातं, डेटा फार खात नाही. फक्त गेम डाउनलोड करायला हॉटस्पॉट वापरू देऊ नका!

प्रश्न (नागपूर): स्टिअरिंग व्हील घेतल्याशिवाय खेळण्यात अर्थ नाही असं सगळे म्हणतात. व्हीलची किंमत बघून घाम फुटला. कंट्रोलरवर चालेल का?

चालेल. व्हीलवाले लोक असं बोलतात कारण त्यांनी व्हीलवर पैसे घातलेत. कंट्रोलरवर हा गेम चांगला चालतो, ट्रिगरवर ॲक्सिलरेटर अर्धा-पाव दाबता आला पाहिजे एवढी अट, म्हणून कीबोर्डवर मात्र नको, कीबोर्डवर पाय एकतर पूर्ण दाबलेला नाहीतर पूर्ण उचललेला, खडीवर हे चालत नाही. हँडब्रेक सहज सापडेल अशा बटणावर घ्या, हेअरपिनला लागतो.

व्हीलवर काय मिळतं तर मागचा भाग सुटायला लागला हे हाताला कळतं. पण गंमत बघा, सुरुवातीला या गेमचा व्हीलमधला हा फीडबॅकच इतका मिळमिळीत होता की व्हीलवालेच सगळ्यात जास्त बोंबलत होते, नंतर अपडेट देऊन तो सुधारला. २०१९ मध्येच पीसीवर व्हीआरसुद्धा आलं, ज्यांच्याकडे हेडसेट आहे त्यांनी नक्की बघा, टेकाडावरून खाली उतरताना उतार किती खोल आहे हे सपाट स्क्रीनवर कळतच नाही. पोट मात्र सांभाळा, जेवल्यावर लगेच नको.

प्रश्न (पुणे): बेस गेम घेऊ की गेम ऑफ द इयर एडिशन? फरक किती?

खूप. बेस गेममध्ये रॅलीचे सहा देश होते: न्यूझीलंड, अर्जेंटिना, स्पेन, पोलंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका. मग सीझन पास आले, म्हणजे वेगळे पैसे मोजून घ्यायची भर, आणि त्यातून मोंते कार्लो, स्वीडन, जर्मनी, वेल्स, फिनलंड, ग्रीस अशी अजून सहा ठिकाणं. ऐकायला मस्त, फक्त ही सहाच्या सहा ठिकाणं कंपनीच्याच २०१५ च्या 'डर्ट रॅली'त होती, तेच रस्ते घासूनपुसून परत विकले. ज्यांनी पहिला गेम घेतला होता त्यांनी एकाच रस्त्याचे दोनदा पैसे मोजले. यावर लोक भडकले होते आणि बरोबर भडकले होते.

मार्च २०२० मध्ये सगळं एकत्र करून गेम ऑफ द इयर एडिशन आली, वर स्कॉटलंड आणि तिथला गाजलेला रॅली ड्रायव्हर कॉलिन मॅक्रे याच्या आठवणीतलं पॅक. तुम्ही आता घेताय म्हणजे तो वाद तुमच्यापुरता संपला. हीच घ्या. फिनलंडच्या उड्या आणि मोंते कार्लोच्या घाटातला अर्धा बर्फ अर्धं डांबर, हे नसेल तर गेम अर्धा वाटतो.

प्रश्न (म्युनिक, मूळचा पुण्याचा): याच कंपनीचा नवा 'ईए स्पोर्ट्स डब्ल्यूआरसी' असताना जुना का घ्यायचा?

योग्य प्रश्न, आणि उत्तर तुमच्या पीसीवर अवलंबून आहे. २०२१ मध्ये ईएने कोडमास्टर्स विकत घेतली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये हा 'डब्ल्यूआरसी' आला. वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपचं अधिकृत लायसन्स, केनियाची सफारी रॅली, सतराच्या आसपास ठिकाणं, दोनशेच्या वर स्टेज, आणि काही स्टेज तीस किलोमीटरच्याही पुढे. 'डर्ट रॅली २.०'मधला लांबात लांब स्टेज सोळा-साडेसोळा किलोमीटरचा, त्यामुळे नव्या गेममध्ये पंधरा-वीस मिनिटं जबडा आवळून बसायचं म्हणजे वेगळाच खेळ झाला. डांबरी रस्ताही नव्या गेममध्ये पुष्कळ सुधारलाय. आणि 'पॅसिफिको' नावाची एक रॅली इंडोनेशियावर बेतलेली आहे, ओला चिखल, गर्द झाडी, आपल्या कोकणातल्या माणसाला ओळखीचं वाटेल.

पण. या वेळी त्यांनी गेम चालवणारं स्वतःचं जुनं सॉफ्टवेअर इंजिन सोडून बाहेरचं 'अनरियल' इंजिन घेतलं आणि पीसीवर गेम अडखळत चालायला लागला, सहाव्या गिअरमध्ये सेकंदाचा दहावा भाग जरी चित्र थांबलं तरी खेळ खलास. अपडेटने कमी झालं, गेलं नाही. दिसायलाही तो जुन्यापेक्षा काही ठिकाणी फिका वाटतो, प्रकाश आणि धूळ जुन्यातच भारी. मग अँटीचीट, म्हणजे फसवाफसवी रोखणारं सॉफ्टवेअर, घातलं आणि स्टीम डेकवाले, म्हणजे हातात धरायच्या छोट्या पीसीवर खेळणारे, बाहेर फेकले गेले. आणि एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालं की यापुढे नवं काही येणार नाही. म्हणजे जे आहे ते आहे.

दमदार पीसी किंवा पीएस फाइव्ह असेल तर नवा घ्या, जुना लॅपटॉप असेल तर 'डर्ट रॅली २.०', तो आठ जीबी रॅमवरसुद्धा सेटिंग्ज खाली आणून चालतो. आणि तुम्ही फारच हाडाचे असाल तर 'रिचर्ड बर्न्स रॅली', २००४ चा, चाहत्यांनी आजतागायत जिवंत ठेवलाय, नवे स्टेज, नव्या गाड्या, नवं फिजिक्स, आणि त्यात नोट्स स्वतः बदलताही येतात, जे वरच्या दोन्हींत नाही. दिसायला भिकार आहे. आधीच सांगतोय, नंतर पत्र पाठवू नका.

प्रश्न (रत्नागिरी): यातलं रॅलीक्रॉस, म्हणजे छोट्या बंद ट्रॅकवर अनेक गाड्यांची एकत्र शर्यत, खेळावं का?

मित्र ऑनलाइन आले की खेळा.

प्रश्न (कोल्हापूर): मला रस्ताच नको, वाळवंट पाहिजे. त्या वाळवंटातल्या जगप्रसिद्ध डकार रॅलीसारखं काही आहे का? आणि या खेळात आपली माणसं कुठे आहेत का हो?

'डकार डेझर्ट रॅली', ऑक्टोबर २०२२ चा, सौदी अरेबियाचा अवाढव्य नकाशा, बाइक, कार, ट्रक सगळं. यात को-ड्रायव्हरच्या वळणांच्या नोट्स नसतात, रोडबुक असतं, म्हणजे इतक्या किलोमीटरवर अमुक दिशेला वळा, समोर ढिगारा, डावीकडे सुकलेली नदी. रस्ता तुम्ही शोधायचा. हा भाग जमला की याच्याइतकं समाधान कुठल्याच गेममध्ये नाही. पण सोपा मोड म्हणजे सगळे एकदम सुटून धक्काबुक्की, त्यात डकारचं काहीच नाही, आणि सुरुवातीला बग इतके होते की विचारू नका. रोडबुक वाचायचा कंटाळा असेल तर हा घेऊच नका, वाळूत गाडी तरंगल्यासारखी चालते आणि फक्त चालवण्याच्या मजेसाठी तो फार टिकत नाही.

आपली माणसं आहेत की. सी. एस. संतोषने २०१५ मध्ये डकार पूर्ण केली, असं करणारा तो पहिला भारतीय. २०२४ मध्ये केरळच्या हरित नोआने रॅली टू, म्हणजे बाइकचा दुसऱ्या फळीचा, गटच जिंकला. हीरो आणि टीव्हीएस तर टीम घेऊन उतरलेले आहेत. आणि आपले म्हणाल तर मुंबईचा आशिष रावराणे २०२१ मध्ये स्वतःच्या हिमतीवर बाइक घेऊन गेला, पुण्याचे संजय टकले २०२५ मध्ये डकार क्लासिकला टोयोटा लँड क्रूझर घेऊन उतरले होते, ती क्लासिक म्हणजे जुन्या गाड्यांची, तिथे सगळ्यात जोरात जाणारा जिंकत नाही, ठरवून दिलेला वेग नेमका सांभाळणारा जिंकतो.

गेममध्ये मात्र आपला एकही रस्ता नाही. वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिप भारतात कधी आलीच नाही, आणि गेमवाले बहुतेक रस्ते तिथूनच उचलतात. नाशिकला राष्ट्रीय चॅम्पियनशिपची रॅली झालेली आहे, तिथले रस्ते कुणी मॉडमध्ये, म्हणजे चाहत्यांनी गेमला जोडलेल्या भरीत, बनवले असतील तर मला कळवा, पुढच्या महिन्यात चालवून सांगतो कसे आहेत ते.